मत दिल्याशिवाय चहा नाही

काकांच्या घरात 'छान' म्हणायला बंदी होती. मी तिथे राहायला गेले त्या पहिल्याच रविवारी मला हे कळलं, आणि तेही हातातला चहा गेल्यावर.

काका म्हणजे माझ्या आत्याच्या मिरजेतल्या शेजारणीचे दीर. एवढ्या नात्यावर त्यांनी मला अल मनखूलमधल्या त्यांच्या घरातली एक खोली राहायला दिली. माझी दुबईतली पहिली नोकरी, वय चोवीस, आणि स्वभाव असा की रिक्षावाल्याने चुकीच्या रस्त्याने नेलं तरी मी उतरताना त्याचे आभार मानायची. रविवारी संध्याकाळी सहा वाजता काकांनी टीव्ही लावला. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातलं एक बंदुकांचं दुकान. मालक, त्याचा मुलगा, त्याची मुलगी आणि मागच्या कारखान्यात काम करणारा एक दाढीवाला कारागीर. खरी माणसं, खरं दुकान, असा तो रिअ‍ॅलिटी शो. दर भागात कुणीतरी गिऱ्हाईक आजोबांची गंजलेली बंदूक घेऊन यायचं, मालक म्हणायचा पाच दिवसांत देतो, मग पाच दिवस सगळे एकमेकांवर ओरडायचे आणि शेवटी माळरानावर जाऊन कलिंगडं फोडायचे.

भाग संपला. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी कपाला हात लावणार तेवढ्यात काकांनी कपावर आपला पंजा आडवा धरला.

"मत?"

"अं... छान होतं, काका."

काकांनी कप उचलून आपल्याकडे ओढला. "छान म्हणजे काय?"

"म्हणजे... चांगलं होतं."

"पुढच्या रविवारी विचारतो," ते म्हणाले आणि माझा चहा शांतपणे पिऊन टाकला.

मला रडू यायचं बाकी होतं. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन दुसरा कप दिला. "काहीतरी बोलायचं गं. वाईट बोललीस तरी चालतं त्यांना. मी पहिल्या दिवशी म्हटलं, त्या मालकाला शर्ट पोटावर घट्ट होतो. लगेच मिळाला चहा. छान म्हटलेलं मात्र चालत नाही."

काका जबल अलीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. त्याआधीची पंधराएक वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, काम केलेलं. म्हणजे कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मोजायचे, आणि नापास झाला तर त्याला दोऱ्याने लाल टॅग बांधायचे. टॅगवर दोष लिहायचा आणि खाली दोन चौकोन: स्क्रॅप आणि रीवर्क. वस्तू टाकून द्यायची असेल तर पहिल्यावर खूण, दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुसऱ्यावर. हे टॅग त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचे आणि घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी संपत नसे. घरात जागोजागी लाल टॅग लोंबत असत. कुकरच्या झाकणाला: 'शिट्टी उशिरा. रीवर्क.' टीव्हीच्या रिमोटला: 'आवाजाचं बटण दोनदा दाबावं लागतं. रीवर्क.' स्वतःच्या चपलांना: 'स्क्रॅप.' एकदा जेवायला आलेल्या एका मोठ्या हुद्द्याच्या गृहस्थांनी आपल्या नव्या घड्याळाचं फार कौतुक सांगितलं. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि पट्ट्याला टॅग बांधून परत दिलं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. काकू म्हणाल्या, बरं झालं, फार खायचे.

टॅगचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा, आणि तोही काम झालेलं डोळ्यांनी बघितल्यावर. कुकर दुरुस्त होऊन आला तरी काका घरी येईपर्यंत त्यात भात शिजत नसे.

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती, तर्जनी आणि मधलं. कुणी विचारलं तर दर वेळी वेगळी गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या तन्वीला ती लहान असताना सांगितलेलं, जास्त प्रश्न विचारणाऱ्या एका मुलीने खाल्ली. आमच्याकडे येणाऱ्या वेल्डर संतोषला सांगितलेलं, सासऱ्यांनी हुंडा द्यायच्या ऐवजी घेतला. मला म्हणाले, "एकदा मोजताना चुकलो, दहाच्या जागी आठ भरली." मीही हसले आणि पुढे कधी विचारलं नाही.

रविवारच्या त्या बैठकीला आम्ही पाच जण असायचो. कार्यक्रम इंग्रजीत, खाली अरबी अक्षरं, आणि तन्वी आणि मी सोडून बाकीच्यांना त्यातलं निम्मंही कळायचं नाही. पण मतं सगळ्यांची ठाम. काकूंचा जीव मालकाच्या म्हाताऱ्या आईवर होता. ती शेवटी सगळ्यांना जेवायला वाढायची. "तिला एकदाही कुणी बस म्हणत नाही," काकू दर आठवड्याला संतापायच्या. "आणि खायची कलिंगडं फोडतात. मस्ती आलीय नुसती." बंदुकीची किंमत डॉलरमध्ये सांगितली की त्या तिचे दिरहम करायच्या, मग दिरहमचे रुपये, आणि तोवर गिऱ्हाईक बंदूक घेऊन घरी गेलेलं असायचं.

संतोष राजापूरकडचा. अल क्वोजच्या कॅम्पमध्ये एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा आणि सुटीच्या दिवशी काकूंच्या हातचं माशाचं कालवण खायला यायचा. त्याच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, त्यामुळे या विषयात अधिकार आपलाच, असं तो धरून चालायचा. त्याचं मत एकच, आणि तो ते दर वेळी नवं असल्यासारखं सांगायचा. "काका, येवड्या बंदुका आणि एक डुक्कर नाय. मग कशाला पायजे?"

काका हे मत दर वेळी गंभीरपणे ऐकायचे आणि दर वेळी चहा द्यायचे.

तन्वी पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. "अंकल, इट्स सो स्क्रिप्टेड. दे आर अ‍ॅक्टिंग."

"ओरडायचं नाटक करता येतं," काका म्हणायचे. "लेथवर हात कसा ठेवायचा याचं नाटक येत नाही. मी हात बघतो."

खरंच ते फक्त हात बघायचे. बंदुकांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं, आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. दुकानाचा पुढचा भाग दाखवायला लागले की ते पेपर वाचायचे, आणि कॅमेरा मागच्या कारखान्यात गेला की पेपर खाली, चष्मा वर. मालकाचा मुलगा एका कानशीवर दुसरी कानस ठेवतो, दात बोथट होतात. काटा न बघता माप सांगतो. पाच दिवसांत बॅरल? माल यायलाच पाच दिवस. पण दाढीवाला त्यांचा लाडका होता. "हा शिकलेला नाही, याला कुणीतरी शिकवलंय," ते म्हणायचे. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला कारखान्यातली माणसं वर्षानुवर्षं थांबत असतील.

तर हे सगळं काका एका वहीत लिहायचे. तारीख, भाग, मत. आणि तन्वीने कधीतरी सांगितलं होतं की इंटरनेटवर या कार्यक्रमाचं एक पान आहे, तिथे प्रेक्षक आपली मतं लिहितात. झालं. मी राहायला आले, इंग्रजी टाइप करता येणारी, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. रविवारी चहानंतर काका वहीतून मराठीत सांगायचे, मी लॅपटॉपवर त्यांच्या नावाने इंग्रजीत लिहायचं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण गोम तिथे आहे. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही घरगुती वस्तूंच्या कंपन्यांसाठी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचो. कुणी लिहायचं, तुमच्या किटलीने माझा हात भाजला. आम्ही लिहायचो, तुमच्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. दिवसाला दीडशे. थोड्याच दिवसांत माझा हात असा बसला होता की कुठलंही टोकदार वाक्य माझ्या बोटांतून गुळगुळीत होऊनच बाहेर पडायचं.

टाइप करायच्या पहिल्या रविवारी काकांनी सांगितलं, "लिही. मालकाचा मुलगा कानशीवर कानस ठेवतो. याला घरी कुणी काही बोलत नाही हे दिसतं." मी मनात म्हटलं, परक्या देशात बसून, बंदुकांच्या पानावर, कुणा अमेरिकन माणसाच्या मुलाबद्दल असलं लिहायचं? माझ्या व्हिसाचं काय होईल, काकांच्या व्हिसाचं काय होईल? माझी पाचावर धारण बसली. मी लिहिलं, 'ग्रेट फॅमिली बाँडिंग! लव्ह फ्रॉम दुबई.'

"लिहिलंस?"

"हो काका."

"सगळं?"

"हो."

भीती फार तर पहिले दोन रविवार होती. त्यानंतर काही झालं नाही म्हणताना मी खरं लिहू शकले असते. पण सवय लागली. काका पाच मिनिटं सांगायचे, मी एक ओळ लिहायची आणि टाइप करत असल्याचं सोंग करून बटणं दाबत राहायची. काटा न बघता माप सांगतो, याचं झालं 'अमेझिंग स्किल्स!' मला वाटायचं, त्यांना बोलल्याचं समाधान, वाचणाऱ्याला वाचल्याचं, कुणाचं काय बिघडलं?

मग तो हातमोज्यांचा भाग आला.

दाढीवाला लेथवर काम करत होता आणि त्याच्या हातात जाड हातमोजे होते. काका खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. भाग संपल्यावर त्यांनी कुणालाच मत विचारलं नाही. संतोष आणि तन्वी गेल्यावर मला म्हणाले, "लॅपटॉप घे. आज नीट लिही. हे त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे."

आणि त्यांनी वही न उघडता सांगायला सुरुवात केली. "दाढीवाले भाऊ, लेथवर हातमोजे घालू नका. फिरतं चक आधी हातमोज्याचा धागा पकडतं, मग बोट, मग हात. आपण मागे ओढेपर्यंत वेळ गेलेली असते. मला माहीत आहे. शारजातलं माझं दुसरं वर्ष होतं. पत्र्याची शेड, ऑगस्ट महिना, मशीनची हँडलं चटके देत होती म्हणून मी हातमोजे घातले. आमचे सुपरवायझर येऊन पाठीमागे उभे राहिले. त्यांनी हातमोजे बघितले, मी त्यांना बघताना बघितलं. चांगला माणूस. त्या सकाळीच आमची कशावरून तरी बोलाचाली झाली होती. पुन्हा वाद नको म्हणून ते 'छान चाललंय' म्हणाले आणि पुढे गेले. दहा मिनिटांनी माझी दोन बोटं गेली. त्यांचा राग नाही. पण मी तुमचे हातमोजे बघितले आहेत, म्हणून सांगतो. काढून टाका."

काकू दारात उभ्या होत्या. ही गोष्ट त्यांनाही या शब्दांत पहिल्यांदाच ऐकायला मिळाली असावी.

मी काय केलं ते आता सांगायलाच हवं. मला वाटलं, एवढं खासगी, एवढं लांब, कोण वाचणार, कुणीतरी टिंगल करेल आणि काकांना लागेल. मी लिहिलं, 'सेफ्टी फर्स्ट! लव्ह द बिअर्ड!'

त्यानंतर काका उत्तराची वाट बघायला लागले. कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आलं काही अमेरिकेहून?" मी नाही म्हणायचे. "कामात असेल," ते म्हणायचे. टीव्हीवर दाढीवाला दिसला की आधी त्याच्या हातांकडे बघायचे. हातमोजे दिसले की म्हणायचे, "अजूनही घालत असेल का हा?" असं दोन महिने चाललं, आणि त्या दोन महिन्यांत मी रोज एकदा खोटं बोलले.

एका रविवारी मला मेट्रोने यायला उशीर झाला. मी दार उघडलं तर तन्वी काकांच्या शेजारी सोफ्यावर बसलेली, हातात फोन.

"अंकल, तुमच्या नावाने थर्टी वन कमेंट्स आहेत," ती कौतुकाने सांगत होती. "पण ऑल आर लाइक, नाइस, सुपर, लव्ह फ्रॉम दुबई. यू आर सो स्वीट, अंकल."

काकांनी वही उघडली. "तारीखवार वाच."

ती वाचत गेली आणि काका वहीतल्या प्रत्येक पानावर बोट ठेवत गेले. मी दारातच उभी. 'ग्रेट फॅमिली बाँडिंग.' पान उलटलं. 'अमेझिंग स्किल्स.' पान उलटलं. एकतीस वेळा. हातमोज्यांच्या तारखेला आल्यावर तन्वी म्हणाली, "सेफ्टी फर्स्ट, लव्ह द बिअर्ड. याला फोर लाइक्स आहेत, अंकल."

काकांनी वही मिटली. "चौघांना आवडलं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा आला, त्यांनी स्वतःच्या हाताने कप माझ्यापुढे सरकवला आणि मत न विचारता टीव्हीकडे बघत बसले. माझ्या आयुष्यात मला त्यापेक्षा मोठी शिक्षा कुणी केलेली नाही. तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत.

सकाळी खोलीचं दार उघडलं तर बाहेरच्या हँडलला लाल टॅग. मी आधी दोष वाचलाच नाही, चौकोन बघितले. मला खात्री होती की पहिल्यावर खूण असणार आणि मला बॅग भरायची आहे. खूण दुसऱ्यावर होती. वर काकांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोष: मत पोचवलं नाही. रीवर्क.'

मी तिथेच दाराला टेकून रडले. काकू म्हणाल्या, "अगं, रीवर्क आहे ना? मग रडतेस काय? स्वतःच्या भावाला स्क्रॅप दिलाय त्यांनी."

पुढचे सगळे शनिवार त्या कामात गेले. काकांची वही, माझा लॅपटॉप, अवजारांची इंग्रजी नावं सांगायला तन्वी, आणि संतोषचा आग्रह की डुकराचंही घाला. घातलं. प्रत्येक मत लिहून झालं की काका मला ते उलट मराठीत सांगायला लावायचे आणि वहीशी ताडून बघायचे. 'कदाचित' हा शब्द मी घुसवला की लगेच सापडायचा. हातमोज्यांचं सगळ्यात शेवटी केलं. सुपरवायझरांचं 'छान चाललंय' टाइप करताना मला बटणांवरची माझी दहाच्या दहा बोटं दिसत होती. सुपरवायझरांनी पाठ फिरवून जे केलं, तेच मी एकतीस रविवार समोर बसून केलं होतं. मी काकांना तसं म्हटलंसुद्धा.

"मग आता पाठ फिरवू नकोस," ते म्हणाले. "खाली सही कर. टाइप करणारीचं नाव असायला हवं."

उत्तरं यायला लागली. पहिलं मी वाचलं आणि माझा चेहरा उतरला. जुन्या सवयीने मी म्हणणार होते, काही नाही काका. मग म्हटलं, कानाला खडा. जसंच्या तसं सांगितलं. "काका, एक जण म्हणतो, म्हाताऱ्या, हा कार्यक्रम बंद होऊन कैक वर्षं झाली. तुमच्याकडे जुने भाग दाखवतात. तुला कळत नाही का?"

काका खूश झाले. "बघ, हे मत. स्वच्छ मत आहे."

"पण काका, खरंच जुने भाग आहेत हे."

"मला माहीत आहे. शेवटी बारीक अक्षरांत साल येतं, रोमन आकड्यांत. शाळेत शिकलोय मी."

"मग तुम्ही दाढीवाल्याच्या हातमोज्यांची एवढी..."

"तो मेलाय का? कुठेतरी उभाच असेल ना लेथवर? आणि तो नसेल तर दुसरा असेल. लिहिलेलं कुणीतरी वाचतंच."

बाकीच्यांनी नावं ठेवली, थोड्यांनी वादही घातला, काका प्रत्येकाला उत्तर द्यायला लावायचे. पण हातमोज्यांच्या मताखाली कुणी काही लिहिलं नाही. आणि माझ्या दारावरचा टॅग जागेवर राहिला. मी एकदा धीर करून विचारलं, सगळं तर लिहून झालं. काका म्हणाले, "लिहिलं म्हणजे पोचलं का? दोष काय लिहिलाय वाच."

पासष्ट उलटल्यावर कंपनीने त्यांचा व्हिसा वाढवला नाही. एकोणतीस वर्षांचा संसार सहा खोक्यांत बसला. संतोषने खोकी बांधली. तन्वी रडत म्हणाली, "अंकल, हू विल आस्क मी माय ओपिनियन?" आणि पहिल्यांदाच पुढचं वाक्य मराठीत बोलली, "मला कुणी विचारतच नाही." काकांनी तिला आपली व्हर्निअर देऊन टाकली, म्हणजे मोजायचं ते अवजार ज्याला ते कुणाला हात लावू देत नसत. टॅक्सी खाली उभी होती. मी म्हटलं, "काका, टॅग?"

"पोचलं?"

"नाही."

"मग?" म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

मला राग आला होता. घर मी दोन मैत्रिणींबरोबर पुढे चालवायला घेतलं. त्या विचारायच्या हे काय बांधलंय, काढ की. मी काढलं नाही. रोज ऑफिसला निघताना तो टॅग हाताला लागायचा. त्याच दिवसांत ती किटलीची तक्रार पुन्हा आली, तिसऱ्या गिऱ्हाइकाकडून. मी आभार मानायच्या ऐवजी कंपनीला लिहिलं की ही बाई बरोबर सांगते आहे, हँडल तापतं, विक्री थांबवा. मॅनेजरने बोलावलं. "हबीबी, हे आपलं काम आहे का? यल्ला, थँक यू लिही आणि खलास कर." मी म्हटलं, नाही लिहिणार. आठवडाभर नोकरी जाते की राहते कळेना. गेली नाही. मला परत आलेल्या वस्तू तपासायच्या विभागात टाकलं. त्यांना वाटलं शिक्षा केली. मी अजून तिथेच आहे आणि सुखात आहे. माझ्या टेबलावर लाल टॅगचा गठ्ठा असतो, मी तो मागून घेतला.

काका-काकू मिरजेला परत गेल्यावर आठ महिन्यांनी, मी ऑफिसात डबा खात असताना फोनवर सूचना आली. हातमोज्यांच्या मताखाली उत्तर होतं. दाढीवाल्याचं नव्हतं. एका बाईचं होतं, कुठल्याशा थंड गावातल्या. तिचा नवरा घरामागच्या शेडमध्ये लेथवर काम करतो, थंडीने हात फुटतात म्हणून हातमोजे घालतो. तिने लिहिलं होतं, की मी हे त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी हातमोजे स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलेले दिसले. तेव्हापासून तिथेच आहेत. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सांगा.

मी डबा तसाच ठेवून बाहेर व्हरांड्यात गेले आणि काकांचा नंबर लावला. घंटी वाजायच्या आत बंद केला. फोनवर सांगून कसं चालेल? टॅग त्यांनी सोडायचा होता, डोळ्यांनी बघून. आणि तोडून मिरजेला न्यायचा तर मी कोण?

नातूरकडून, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या रखवालदाराकडून, मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि दाराचं हँडलच काढलं. तो पेशावरकडचा म्हातारा बघत होता. "बेटी, दरवाजा कैसे बंद होगा?" मी म्हटलं, चाचा, चार दिन की बात है, रस्सी से. एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली. कपडे, खजूर, आणि टॅग बांधलेलं एक जुनं हँडल. अधिकारी पोरगी माझ्याच वयाची असेल. तिने हँडल वर धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काकांना द्यायचंय. तिने बॅग बंद केली.

मिरजेत काकांच्या गॅलरीच्या कठड्याला टॅग होता, तुळशीच्या कुंडीला टॅग होता, गेटला तर दोन होते. मी हँडल टेबलावर ठेवलं आणि उत्तर छापून आणलं होतं ते मराठीत वाचून दाखवलं, एकही शब्द गुळगुळीत न करता. काका डोळे मिटून ऐकत होते.

"खिळ्याला अडकवलेत म्हणाली?"

"हो."

"शेडमध्ये नाहीत?"

"नाहीत."

"तिने स्वतः बघितलंय?"

"रोज बघते, काका."

त्यांनी चष्मा मागितला. गाठ घट्ट बसली होती. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत ती धरून ते उजव्या हाताच्या नखाने सोडवत बसले. बराच वेळ. काकू म्हणाल्या, कात्री देऊ? "टॅग कापत नाहीत," काका म्हणाले. शेवटी दोरा सुटला. त्यांनी टॅगवर बारीक सही केली, तारीख घातली आणि तो वहीत, हातमोज्यांच्या पानावर ठेवला. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. इतकी वर्षं मी ज्याला त्याला ऊठसूट थँक यू म्हणत आले होते, आणि ज्यांचे आभार मानायचे त्यांच्यासमोर तो शब्द पुरणार नव्हता. जे शिकवायला आईवडील, शाळा, ऑफिस सगळे विसरले होते, ते या माणसाने मला टाकून न देता शिकवलं होतं. मी एवढंच म्हणू शकले, "काका, तुम्ही दुसऱ्या चौकोनावर खूण केलीत."

"दुरुस्त होण्यासारखी वस्तू होती," काका म्हणाले. आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी ते हँडल उचललं, वरखाली करून बघितलं, कानाजवळ नेऊन पुन्हा केलं. कपाळाला आठी पडली. हात शर्टाच्या खिशाकडे गेला. नवा लाल टॅग निघाला. काकांनी सावकाश लिहिलं, 'स्प्रिंग ढिली. रीवर्क,' आणि हँडलला घट्ट गाठ मारून ते माझ्या हातात दिलं.

काकू चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, म्हणजे हे सोडवायला पोरीला परत यावं लागणार."

"नियम आहे," काका म्हणाले, आणि माझ्या कपावर पंजा आडवा धरला. "मत?"